व्यापारी प्रदर्शनातील स्टॉल : सुऱ्या घडवणाऱ्या कारागिराच्या नजरेतून

हाताने घडवलेल्या सुऱ्या विकण्यासाठी मोठ्या व्यापारी प्रदर्शनात स्टॉल घ्यावा की नाही, हे भाड्यापेक्षा तिथे येणारा माणूस काय घ्यायला आला आहे यावर अधिक अवलंबून असते. मी ज्या प्रदर्शनात स्टॉल घेतला ते घरगुती वस्तूंचे होते आणि तिथे फिरणारे बहुतेक जण दुकानदार, वितरक किंवा हॉटेलांसाठी खरेदी करणारे होते. सुरी हातात घेण्याआधीच त्यांचा प्रश्न तयार असे : एका नमुन्याचे किती नग मिळतील आणि कधी? ज्याच्या भट्टीतून प्रत्येक पाते वेगळे बाहेर पडते, त्याने यावर काय सांगावे? शिवाय त्यांना ठोक दर हवा असतो आणि हातकामाच्या किमतीत तेवढी सूट देण्यास सहसा वाव नसतो.

टेबल, वीज आणि स्वच्छता यांबाबत तक्रार नाही. प्रकाशयोजना मात्र सुऱ्यांसाठी अगदीच गैरसोयीची होती. डोक्यावरच्या पांढऱ्या झगझगीत दिव्यांखाली चकचकीत पाते आरशासारखे दिसते आणि घासणीच्या रेषा, दमास्कस पोलादाची (वेगवेगळ्या पोलादांचे थर जोडून घडवलेल्या पोलादाची) नक्षी, धारेकडे उतरत जाणारी जाडी यांपैकी काहीच नजरेत भरत नाही. बाजूने तिरका प्रकाश टाकणारा छोटा दिवा स्वतःच न्यावा. दुसरी अडचण हाताळणीची आहे. हाताने घडवलेल्या सुऱ्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या 52100 या पोलादात गंज रोखणारे क्रोमियम सुमारे दीड टक्काच असते, तर गंजरोधक पोलादात ते किमान 10.5 टक्के लागते. त्यामुळे दिवसभर अनेकांची बोटे लागलेले पाते वेळोवेळी पुसून त्यावर तेलाचा हात फिरवला नाही, तर त्यावर डाग उमटू लागतात.

कापून दाखवण्यास आयोजकांची मनाई होती; त्याचे मला फारसे दुःख झाले नाही, कारण नुकतीच धार लावलेली कोणतीही सामान्य सुरी कागद सहज कापते. याउलट, पाती घडवणाऱ्या कारागिरांची संघटना असलेल्या अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटीच्या चाचणीत उमेदवाराच्या पात्याने लोंबता दोर एका घावात तोडावा लागतो, लाकूड तोडल्यानंतरही त्या धारेने केस कापले जावे लागतात आणि शेवटी पाते शिकंजात धरून काटकोनात वाकवले जाते. त्याच रीतीने वाकवलेले, पण न तुटलेले एक पाते मी टेबलावर ठेवले होते. पाणी देऊन कठीण केलेल्या पात्याचा ताव कसा उतरवला आहे, म्हणजे ते पुन्हा बेताने तापवून त्याचा ठिसूळपणा कसा कमी केला आहे, हे जाणकाराला त्यावरून लगेच कळत असे आणि माहितीफलकापेक्षा लोक तिथेच अधिक थांबत.

केवळ सुऱ्यांसाठी भरणाऱ्या प्रदर्शनांची गोष्ट निराळी आहे. 1982 पासून भरणाऱ्या अमेरिकेतील ब्लेड शोमध्ये ग्राहक विशिष्ट कारागिराचे काम घेण्यासाठीच येतो आणि मागणी फार असलेले कारागीर कधीकधी चिठ्ठ्या टाकून सुऱ्या विकतात. एकेक सुरी घडवणाऱ्याने तिकडेच वळावे. ठरावीक दोन-तीन नमुने सातत्याने पुरवू शकणाऱ्याला मात्र व्यापारी प्रदर्शन उपयोगी पडेल. पण पूर्ण स्टॉल घेण्याऐवजी मुठीचे लाकूड किंवा चामडी म्यान करणाऱ्यासोबत तो वाटून घ्यावा. रात्री माल ठेवण्यासाठी कुलपाचे कपाट मिळेल का, हे आयोजकांकडून आधीच लेखी घ्यावे. माझ्या वेळी ते मिळाले नाही आणि रोज संध्याकाळी सगळी पाती पुसून, गुंडाळून परत न्यावी लागली.