यामाहा वायपीसी-६२ पिकोलो : दीड वर्ष वाजवल्यावर

न्यू जर्सीतल्या आमच्या गावच्या बँडमध्ये पिकोलो, म्हणजे फ्लूटचं चिमुकलं भावंड, माझ्याकडे आला तो काही गुणवत्तेवर नाही. फ्लूटवाल्या आम्ही सहाजणी. "पिकोलो कोण घेणार?" असं कंडक्टरने विचारलं तेव्हा पाचजणी आपापल्या बुटांकडे बघायला लागल्या. मी नवीन होते, मान वर राहिली. लहानपणी सांगलीत बासरी शिकलेली, फ्लूट चाळिशीनंतर लेकीच्या जोडीने उचललेली. वाटलं, फूटभर तर वस्तू आहे, काय एवढं!

पहिली दोन वर्षं प्लॅस्टिकचं अंग आणि धातूचं हेड (फुंकायचा वरचा भाग) असलेला एक जुना पिकोलो वाजवला. मार्चच्या, म्हणजे कवायतीच्या, धुनांमध्ये तो झकास. चाळीस माणसांच्या डोक्यावरून शिट्टीसारखा निघून जायचा. भांडं फुटलं ते डिसेंबरात. नाताळच्या एका संथ गीताच्या शेवटी पिकोलोला वरचा ए-फ्लॅट होता, चार मात्रा, पियानिसिमो म्हणजे अगदी हळू, खाली फक्त क्लॅरिनेट. मी जोरात फुंकलं की पहिल्या रांगेतली मुलं कानांवर हात ठेवायची. हळू फुंकलं की स्वर उतरायचा, नाहीतर निघायचाच नाही, नुसती हवा. तालमीत एकदा तो खाली घसरून भलत्याच सप्तकात वाजला आणि ट्रॉम्बोनवाले खुदकन हसले.

यात वाद्याचा सगळा दोष नाही. पिकोलो लिहिल्यापेक्षा एक सप्तक वर वाजतो, त्यामुळे तो ए-फ्लॅट प्रत्यक्षात ३३०० हर्ट्झच्या आसपास जातो. माणसाचा कान सगळ्यात तिखट असतो तो साधारण २००० ते ५००० हर्ट्झमध्ये. म्हणजे आपण कितीही हळू वाजवलं तरी ऐकणाऱ्याला ते ठसठशीतच लागणार. बासरीवर तार सप्तकातला पंचम हलका लावताना गुरुजी म्हणायचे, फुंक बारीक कर, दुबळी करू नकोस. पिकोलोवर हे वाक्य मला पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागलं. ओठांची फट तांदळाच्या दाण्याहून लहान, पोट घट्ट, हवेचा वेग तोच, फक्त हवा थोडी. वेग सोडला की स्वर पडलाच.

पण त्या धातूच्या हेडवर एवढी बारीक फुंक मला जमेना. म्हणून एका निवृत्त शिक्षिकेकडून हा वायपीसी-६२ घेतला, वापरलेला, अकराशे डॉलरला. (नवऱ्याने आकडा ऐकून "एवढ्याशा काडीला?" एवढंच विचारलं.)

हेड आणि अंग दोन्ही ग्रेनाडिला लाकडाचं, क्लॅरिनेटला वापरतात तेच. आतली पोकळी हेडपासून टोकाकडे निमुळती होत जाते. हेडला ओठ टेकायला धातूची पट्टी नाही, सरळ लाकडालाच भोक. पहिला आठवडा हाच घोळ चालला होता, ओठाला जागा सापडेना. फ्लूटपेक्षा थोडं वर टेकवायचं हे कळलं तेव्हा आवाज एकदम गोल झाला. धातूच्या हेडची धार या लाकडात नाही, आणि हळू वाजवताना तीच धार सगळ्यात आधी टोचते.

वरचा ई यातल्या स्प्लिट-ई नावाच्या, त्याच स्वरासाठी केलेल्या कळयंत्रणेमुळे अलगद सुटतो. एफ-शार्पला मी उजव्या हाताच्या अनामिकेऐवजी मधलं बोट वापरते. ए-फ्लॅटला नेहमीच्या बोटांत उजव्या हाताचं मधलं बोट आणि अनामिका अशी दोन बोटं जादा टाकते. स्वर ताबडतोब येतो आणि डगमगत नाही. या युक्त्या कुठल्याही पिकोलोवर करून बघाव्यात, पण माझ्या जुन्यावर त्या निम्म्या चालायच्या, यावर पुऱ्या चालतात. त्याच्याही वरचे बी आणि सी मला अजून हळू जमत नाहीत. तो सी म्हणजे पियानोची उजवीकडची शेवटची पट्टी. तिथे मी देवाचं नाव घेते.

वापरलेला घेणाऱ्यांनी एक गोष्ट आधी बघावी. हेडच्या आत बूच असतं. ते सरकलेलं असेल तर खालचं आणि वरचं सप्तक एकमेकांशी जुळत नाही, आणि आपण उगाच ओठांना दोष देत बसतो. पुसायच्या काडीवर एक रेघ असते, काडी आत घातल्यावर ती भोकाच्या बरोबर मध्ये दिसली पाहिजे. माझ्याकडे आला तेव्हा ती चांगलीच बाजूला होती. दुरुस्तीवाल्याने पाच मिनिटांत बसवून दिलं आणि पैसेही घेतले नाहीत.

लाकूड आहे, तर लाड आलेच. इथल्या हिवाळ्यात घरात हीटर सुरू झाले की हवा कोरडीठाक होते, म्हणून पेटीत ओलावा धरणारी छोटी डबी ठेवते. गाडीतून आणलेला थंडगार पिकोलो लगेच फुंकायचा नाही, आधी दहा मिनिटं काखेत धरून ऊब द्यायची. तालमीला लोक माझ्याकडे बघतात, बघू देत. वाजवून झाल्यावर दर वेळी आतून पुसणं आलंच. आणि उजव्या कानात बोळा. पिकोलो त्याच बाजूला असतो आणि जोरात वाजला तर शंभर डेसिबलच्या पुढे जातो. हे मला कुणी सुरुवातीला सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

गेल्या डिसेंबरात तेच संथ गीत पुन्हा होतं. ए-फ्लॅट लागला, चारही मात्रा टिकला, शेवटी किंचित उतरला. क्लॅरिनेटवालीने मान डोलावली. ट्रॉम्बोनवाले मोबाइल बघत होते.

पाचपैकी साडेचार. जुना मात्र विकलेला नाही. चार जुलैच्या परेडला नव्वद अंश फॅरनहाइटमध्ये ट्रकवर उभं राहून वाजवायचं असतं, आणि तिथे हळू वाजव असं कुणी म्हणत नाही.