पुन्हा प्रोग्रामिंगकडे वळताना: सोडलेली सी की नवी पायथन?

कॉलेजात टर्बो सी या सी भाषेच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या निळ्या पडद्यावर प्रोग्राम लिहिलेले आणि पुढे नोकरी, दुकान, संसार यांत तो नाद सुटलेले अनेक जण सोलापुरात आहेत. त्यांच्यापैकी कोणाला आता निव्वळ आवडीपोटी पुन्हा सुरुवात करायची असेल, तर पहिला प्रश्न भाषेचा येतो. दोन्ही भाषांची पारख एकाच कामावर व्हावी म्हणून मी सी आणि पायथन दोन्हींत चादरीची नक्षी काढली: डावी बाजू चोवीस घरांच्या ओळींत शून्य आणि एक यांनी भरायची, आणि आरशात दिसावी तशी उलटवून उजवी बाजू तयार करायची. हे काम आपल्या शहराच्या ओळखीचेच आहे, कारण मागावर नक्षी विणणाऱ्या १८०४ सालच्या जकार्ड यंत्रणेतही पुठ्ठ्यावर भोक असेल तर ताण्याचा धागा उचलला जातो आणि नसेल तर जागीच राहतो.

जुन्या आठवणीने टर्बो सीच डॉसबॉक्समध्ये, म्हणजे जुने डॉस प्रोग्राम आजच्या संगणकावर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, चालवण्याचा मोह होतो. मी त्यात दोन आठवडे घालवले. तो मार्ग मी कोणाला सुचवणार नाही. तेथील साधा पूर्णांक सोळा बिटांचा (शून्य-एकच्या सोळा घरांचा) असल्यामुळे ३२७६७ च्या पुढे जात नाही, आणि आठचे फॅक्टोरियल (एक ते आठ या संख्यांचा गुणाकार) ४०३२० ऐवजी उणे २५२१६ असे छापले जाते. आजच्या जीसीसी या सीच्या कंपायलरवर तो पूर्णांक सहसा बत्तीस बिटांचा असतो, त्यामुळे बारापर्यंतची फॅक्टोरियल नीट येतात आणि तेरावे मावत नाही. पायथनमध्ये अशी मर्यादाच नाही. संख्या लागेल तेवढी वाढते.

सी आपल्याला येतेच, म्हणून तिच्यात श्रम कमी पडतील, हा समजही पूर्ण खरा नाही. पडदा पुसण्याची आणि कळ दाबेपर्यंत थांबण्याची कॉलेजातली फंक्शने जीसीसीबरोबर येत नाहीत, आणि ओळ वाचणारे गेट्स हे फंक्शन तर सी भाषेच्या २०११ च्या मानकातून काढूनच टाकले आहे. नक्षीची दुप्पट ओळ ठेवायला अठ्ठेचाळीस नव्हे, एकोणपन्नास जागा लागतात, कारण ओळ संपल्याची खूण म्हणून शेवटी शून्य बाइट हवा. तो विसरला की पडद्यावर कचरा उमटतो किंवा प्रोग्राम बंद पडतो. पायथनमध्ये ओळ उलटवून तिलाच जोडणे एका विधानात होते, आणि माझी पहिली पूर्ण चादर त्याच संध्याकाळी पडद्यावर आली. दिवसभराच्या कामानंतर रात्री तासभरच मिळणाऱ्या माणसाने, माझ्या मते, पायथनच घ्यावी. वेगात ती सीच्या मागे असली तरी एवढ्या नक्षीत तो फरक जाणवत नाही. ज्यांना काहीच इन्स्टॉल करायचे नाही, त्यांना ब्राउझरमधली जावास्क्रिप्टही पुरेल.

मात्र आपली ओढ यंत्राच्या आतल्या हालचालींकडे असेल, बाइट कोठे बसतो हे स्वतः ठरवण्यात आनंद वाटत असेल, तर सीला पर्याय नाही, आणि ती आवड लहान समजू नये. अशा वाचकाने जीसीसीला सर्व इशारे दाखवण्याची सूचना देऊन सुरुवात करावी. पुढे आर्डुइनो युनो आर३ सारखा लहान बोर्ड घेऊन दिवे किंवा मोटर चालवायची असेल, तर तेथील सी++ लिहिताना जुना सराव थेट उपयोगी पडतो. त्या बोर्डावर फक्त २०४८ बाइट रॅम आहे आणि पूर्णांक पुन्हा सोळाच बिटांचा, त्यामुळे ३२७६७ ची जुनी सवय तेथे कामी येते.

चादरीच्या काठावर «सोलापूर» हे नाव घालताना मात्र दोन्ही भाषांनी मला अडवले. वाचणाऱ्याला त्यात चार अक्षरे दिसतात; पायथन काना-मात्रा वेगळे धरून सात मोजते, आणि सीचे लांबी मोजणारे फंक्शन यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीतले एकवीस बाइट सांगते. नक्षीसारखेच ते नाव पायथनमध्ये उलटवले, तेव्हा मात्रा शेजारच्या अक्षरांना जाऊन चिकटल्या आणि काठावर «रूपालोस» असे उमटले. सीमध्ये बाइट उलटवल्यावर वाचण्याजोगे काहीच उरले नाही. अक्षर आणि त्याची मात्रा एकत्र बांधणारा भाग मी सध्या पायथनमध्येच लिहीत आहे. जोडाक्षरे अजून राहिली आहेत.