नर्व्ह मॉनिटर: हाशिमोटो आणि ग्रेव्हजच्या केसेसमध्ये वापरल्यावर

थायरॉइडच्या ऑपरेशनला नर्व्ह मॉनिटर वापरायला लागून बरेच महिने झाले. स्वरतंतू हलवणाऱ्या नर्व्हला प्रोबने (टोकदार सळीने) हलका करंट देऊन ती कुठे आहे, शाबूत आहे का, हे सांगणारं हे मशीन. साध्या गाठीला तो नसला तरी माझं फारसं अडत नाही. त्याचा कस लागतो तो ऑटोइम्यून थायरॉइडमध्ये, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर उलटते त्या हाशिमोटो आणि ग्रेव्हजमध्ये, म्हणून तेवढ्यापुरतंच लिहितो.

हाशिमोटोची ग्रंथी कडक, श्वासनलिकेला आणि वरच्या स्नायूंना चिकटलेली. एरवी बोटाने सुटणारा थर इथे सापडतच नाही. अशा चिकट्यात १ मिलिअँपिअरवर प्रोब टेकवला की समोरचा पांढरा धागा नर्व्ह आहे की नुसता फायब्रोसिस (व्रणासारखा कडक तंतू), ते तिथल्या तिथे कळतं. मात्र आधी व्हेगसवर (मानेतली मोठी नर्व्ह, स्वरतंतूंची नर्व्ह हिचीच शाखा) सिग्नल घेतलेला हवा. तो न घेता मशीन गप्प आहे म्हणून कापत सुटणं धोक्याचं.

ग्रेव्हजचं दुखणं वेगळं. तिथे ग्रंथी जास्त हॉर्मोन बनवते आणि रक्ताने भरलेली असते. कार्बिमाझोलने हॉर्मोन आटोक्यात आणून वर ७ ते १० दिवस ल्युगॉल आयोडीन दिलं तरी ग्रंथी हात लावाल तिथे पाझरते. रक्त साचलेल्या जागी प्रोबवर भरवसा ठेवता येत नाही. जागा कोरडी करणं शेवटी आपल्याच हातात.

सगळ्यात जास्त वैताग भूल देताना श्वासनलिकेत घातलेल्या ट्यूबचा, कारण सिग्नल तिच्यातूनच मिळतो. तिचे इलेक्ट्रोड स्वरतंतूंना टेकायला हवेत आणि मान मागे ताणली की ती हमखास सरकते. म्हणून पोझिशन दिल्यावर पुन्हा तपासायची. स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाबद्दल भूलतज्ज्ञांशी आधीच बोलून घ्यावं, कारण स्नायू शिथिल असले तर सिग्नल येत नाही. सिग्नल मध्येच गेला तर क्रिकॉइडच्या (स्वरयंत्राच्या खालच्या कूर्चेच्या) मागे बोट ठेवून व्हेगसला प्रोब लावतो. बोटाला झटका जाणवला तर नर्व्ह शाबूत, खोट ट्यूबमध्ये.

पैसे वसूल होतात ते पहिली बाजू संपल्यावर. सुरुवातीला ५०० मायक्रोव्होल्टच्या वर असलेला सिग्नल १०० च्या खाली गेला आणि थांबूनही परतला नाही, तर मी दुसऱ्या बाजूला हात लावत नाही. ग्रेव्हजमध्ये हा निर्णय जड जातो. अर्धी ग्रंथी राहिली म्हणजे पेशंटच्या गोळ्या चालूच आणि पुन्हा एकदा ऑपरेशन. पण दोन्ही नर्व्ह गेल्या तर श्वास अडकून ट्रॅकिऑस्टॉमीची (गळ्याला छेद देऊन श्वासाची वाट करण्याची) वेळ येऊ शकते.

पॅराथायरॉइडबद्दल (थायरॉइडमागच्या, कॅल्शियम सांभाळणाऱ्या छोट्या ग्रंथींबद्दल) मशीन एक अक्षर बोलत नाही. हाशिमोटोत सुजलेले लिम्फ नोड अगदी त्यांच्यासारखेच दिसतात, त्यामुळे नंतरच्या कॅल्शियमची धाकधूक तशीच राहते.

घेणार असाल तर डेमो ग्रेव्हजच्या केसला मागा. साध्या गाठीवर सगळीच मशिन्स छान चालतात.