झोप लागत नाही की टिकत नाही? सवय, मेलाटोनिन आणि जाड चादर

माझ्या सात वर्षांच्या लेकाला ऑटिझम आहे. आम्ही सोलापुरात पूर्व भागात राहतो. दोन वर्षं रोज रात्री बारापर्यंत तो गादीवर उड्या मारायचा आणि सकाळी शाळेच्या रिक्षात पेंगायचा. मुलांना थेरपीला घेऊन आलेल्या आया बाकावर बसल्या की बोलणं फिरून झोपेवरच येतं, आणि प्रश्न ठरलेला: "मेलाटोनिनची गोळी चालू करू, का झोपेची सवय लावून बघू?"

आधी दोन आठवडे वही ठेवा. कधी आडवा झाला, कधी झोपला, किती वेळा उठला, एवढंच लिहा. घोरतो का, तोंडाने श्वास घेतो का, पाय सारखे झटकतो का, शौचाला कुंथतो का, फिट येते का, हेही बघा. टॉन्सिल किंवा नाकामागच्या गाठी (ॲडेनॉइड) वाढल्या असतील, लोह कमी असेल, तर सवयही उपयोगी नाही आणि गोळीही. बालरोगतज्ज्ञांना फेरिटिनची, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी करायची का ते विचारा. एडीएचडीचं (अतिचंचलतेचं) औषध चालू असेल तर त्याची वेळही सांगा, काही औषधांनी झोप लांबते.

सवयीला पैसा लागत नाही, जीव मात्र काढते. आम्ही चित्रांची पट्टी केली: आंघोळ, दूध, दात, गोष्ट, दिवा बंद. मोबाइल तासभर आधी कपाटात. सगळ्यात कामी आली ती उलटी वाटणारी गोष्ट. नऊला निजवून तीन तास झगडायचं सोडलं आणि त्याला झोप येते त्याच वेळी, म्हणजे बारालाच, गादीवर न्यायला लागले. सकाळी साडेसहाला उठवायचंच, रविवारीही. पंधरा-वीस मिनिटांत झोपू लागला की दर तीन-चार रात्रींनी वेळ पंधरा मिनिटं अलीकडे. साडेनऊपर्यंत यायला सहा-सात आठवडे गेले.

'रडू द्या, आपोआप झोपेल' हे आमच्या एका खोलीच्या घरात जमणारं नव्हतं. भिंतीपलीकडे शेजारी, बाजूला सासूबाई. शिवाय लक्ष देणं एकदम बंद केलं की सुरुवातीला रडणं वाढतं, आणि तिथेच बहुतेकांचा धीर सुटतो. त्यापेक्षा मी शेजारी झोपायचे ती बसू लागले, मग दाराशी सरकले. आसपासच्या यंत्रमागांच्या खडखडीचा त्याला त्रास नाही. वीज जाऊन माग आणि पंखा थांबला की मात्र तो दचकून उठतो.

मेलाटोनिनचा गुण लवकर दिसतो. अंधार पडला की मेंदूत तयार होणारं हे संप्रेरक. गोळीतून दिलं की झोप लवकर लागते. पण किती? ब्रिटनमध्ये मेंदूच्या वाढीत अडचणी असलेल्या 146 मुलांवर (त्यात ऑटिझमचीही होती) झालेल्या अभ्यासात (2012) मुलं साधारण पाऊण तास लवकर झोपली, पण सकाळी उठलीही लवकर. एकूण झोप वाढली जेमतेम 22 मिनिटं. म्हणून झोप लागत नसेल तर गोळीला अर्थ आहे. मध्यरात्री तीनला उठून बसणाऱ्या मुलाला साध्या, लगेच विरघळणाऱ्या गोळीने फारसा फरक पडत नाही. दिवसा पेंग, डोकेदुखी होऊ शकते, आणि बरीच वर्षं घेतल्यावर काय होतं याची माहिती अजून तोकडी आहे. अमेरिकेतल्या मेंदूविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 2020 मध्ये ऑटिझमच्या मुलांसाठी हाच क्रम सांगितला: आधी कारण शोधा, मग सवय, आणि तेवढ्याने भागलं नाही तर मेलाटोनिन, 1 ते 3 मिलिग्रॅमपासून, झोपायच्या अर्धा-एक तास आधी. मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची. ऑनलाइन मिळणाऱ्या गोड गमीज (चघळायच्या मेलाटोनिनच्या गोळ्या) मागवू नका. अमेरिकेत तपासलेल्या 25 पैकी 22 गमीजमधलं प्रमाण लेबलशी जुळलं नव्हतं.

सर्दीचं सिरप झोपेसाठी देऊ नका. मला एका दुकानातून 'देऊन बघा' म्हणून मिळालं होतं. काही मुलं त्याने उलट जास्त चेकाळतात. माझा लेक रात्रभर जागा होता.

राहिली वजनदार चादर, म्हणजे आत वजन भरून शिवलेली. आपल्या गावात हे लगेच पटतं, सोलापुरी चादर दुहेरी घातली की मूल शांत पडून राहतं. पण 2014 च्या अभ्यासात ऑटिझमच्या मुलांची झोप वजनदार चादरीने वाढली नाही. मुलांना आणि आईवडिलांना ती आवडली एवढंच. डिसेंबरात खुशाल पांघरा, त्याला स्वतःला काढता येत असेल तर. एप्रिल-मेच्या उकाड्यात नको.

माझं मत विचाराल तर चार ते सहा आठवडे सवय, तीही पूर्ण घराने मिळून. आजोबांनी दहाला टीव्ही लावला की सगळं पाण्यात. तेवढ्याने वेळ सरकली नाही, किंवा तुम्ही स्वतः जागून आजारी पडायला आलात, तर लाज न धरता डॉक्टरांकडे मेलाटोनिनचं विचारा. गोळी चालू झाली तरी चित्रांची पट्टी भिंतीवरून काढू नका. आमची अजून आहे, दाताच्या चित्राचा कोपरा त्याने चावलाय.