पहिली रायफल घेताना: हलका ट्रिगर की खात्रीचा ट्रिगर?

2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये स्वप्निल कुसळे यांनी 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवले, तेव्हापासून सोलापुरातही मुलांसाठी एअर रायफल घेण्याची चौकशी करणारे पालक मला वारंवार भेटतात. ते नळीची लांबी, दस्त्याचे लाकूड आणि किंमत बारकाईने विचारतात. ट्रिगर मात्र क्वचितच कोणी दाबून पाहतो. माझ्या मते निवड तिथूनच सुरू व्हायला हवी.

या विषयावरची बरीचशी माहिती परदेशी शिकाऱ्यांनी लिहिलेली असते आणि ती नेमबाजीला जशीच्या तशी लागू पडत नाही. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला मनाई आहे. ज्या जिल्ह्यात नान्नजचे माळढोक अभयारण्य आहे, तिथल्या माणसाला हे वेगळे सांगण्याची गरज नाही. तरीही त्या रायफलींचा ट्रिगर तसा का असतो, हे समजून घेतले की आपल्याला काय हवे ते स्पष्ट होते.

शिकारीच्या रायफलीचा ट्रिगर साधारणपणे एक ते दोन किलोंच्या दाबाला सुटतो. थंडीने बधिर झालेली बोटे, हातमोजे, चढउतारावर लागणारी ठेच आणि सावज दिसताच वाढणारी धडधड या सगळ्यांत गोळी नकळत सुटू नये, म्हणून हा दाब मुद्दाम राखलेला असतो. हरणाच्या छातीतील मर्मस्थान पंधरा-वीस सेंटिमीटरचे असल्यामुळे तिथे थोडी हालचाल खपून जाते. पण खरखरीत ट्रिगर झटक्याने ओढल्यामुळे नळीचे तोंड दोन मिलिमीटर जरी सरकले, तरी शंभर मीटरवर गोळी सुमारे वीस सेंटिमीटर भरकटते आणि जनावर जखमी होऊन निसटते.

आता हेच गणित एअर रायफल स्पर्धेच्या दहा मीटर अंतरावर मांडून पाहू. खांद्याला टेकवलेल्या रायफलीचे तोंड साधारण एक मीटर पुढे असते. ते दाबताना 0.1 मिलिमीटर सरकले, तर छर्रा सुमारे 1 मिलिमीटर बाजूला लागतो. लक्ष्यावरील दहाचा ठिपका अवघा 0.5 मिलिमीटरचा असतो आणि दशांश गुणांकनात प्रत्येक 0.25 मिलिमीटरला 0.1 गुण जातो, म्हणजे एवढ्याशा हालचालीने एका फैरीमागे 0.4 गुण गमावले जातात. साठ फैरींच्या सामन्यात अशी चूक प्रत्येक वेळी झाली, तर चोवीस गुणांचा फटका बसतो.

आपल्याकडे प्रत्यक्ष निवड बहुधा दोन प्रकारांत करावी लागते. पहिला प्रकार म्हणजे नळी दुमडून भरायची स्प्रिंगची रायफल: ती स्वस्त आणि दणकट असते व तिला हवेच्या सिलिंडरची गरज नसते. परंतु तिचा ट्रिगर कित्येकदा दोन किलोंच्या पुढे असतो, दाबताना घासत जातो आणि नेमका कोणत्या क्षणी सुटेल हे सांगता येत नाही. शिवाय स्प्रिंगने ढकललेला पिस्टन धावू लागला तरी छर्रा काही क्षण नळीतच असतो, त्यामुळे बोटाचा झटका आणि स्प्रिंगचा धक्का एकत्र येतात. दुसरा प्रकार म्हणजे दाबलेल्या हवेच्या सिलिंडरची मॅच (म्हणजे स्पर्धेची) रायफल, जिचा ट्रिगर दोन टप्प्यांचा असून तो साधारण 50 ते 150 ग्रॅमपर्यंत बसवता येतो. पहिला टप्पा सैलपणे मागे येतो, मग बोटाला एक स्पष्ट भिंत लागते आणि त्या भिंतीवर किंचित दाब वाढवताच फैर सुटते. ही भिंत बोटाला कळणे, हेच या ट्रिगरचे खरे मोल आहे. किंमत अर्थातच कितीतरी पटींनी जास्त असते आणि हवा भरण्याची सोय जवळपास आहे का, हे आधी पाहावे लागते.

मात्र इथे पालकांकडून एक चूक होते, ती म्हणजे ट्रिगर शक्य तितका हलका करून घेणे. रायफलीसाठी एअर पिस्तूलप्रमाणे किमान 500 ग्रॅम दाबाची अट नाही, हे खरे. पण नवशिक्या मुलाचे बोट टेकताच फैर सुटू लागली, की ते मूल ट्रिगरला घाबरते आणि नेम स्थिरावण्याआधीच दाबून मोकळे होते. एप्रिल-मेच्या उकाड्यात घामेजलेल्या बोटाने तर हे हमखास घडते. म्हणून सुरुवातीला दोन टप्प्यांचा ट्रिगर 120-150 ग्रॅमवर ठेवावा आणि बोट शिकेल तसा कमी करावा, असे मी आग्रहाने सांगतो.

ज्यांचे बजेट स्प्रिंगच्या रायफलीपुरतेच आहे, त्यांनी दुकानात एकाच मॉडेलच्या दोन-तीन रायफली हातात घ्याव्यात, कारण त्यांच्या ट्रिगरमध्ये फरक जाणवतो. दुकानदाराची परवानगी घेऊन, छर्रा भरून, छर्रे अडवणाऱ्या सुरक्षित पेटीवर प्रत्येकीने चार-पाच फैरी झाडाव्यात. रिकामी स्प्रिंग रायफल झाडू नये, त्याने पिस्टन आदळून खराब होतो. दर वेळी ट्रिगर एकाच जागी सुटतो की कधी आधी तर कधी नंतर, एवढेच बोटाने टिपावे. मॅच रायफलीच्या बाबतीत ड्राय फायरिंगची (छर्रा न भरता ट्रिगर दाबण्याची) सोय चालू करून नळीच्या पुढच्या टोकावर दहा रुपयांचे नाणे ठेवावे आणि ट्रिगर दाबावा. नाणे सलग दहा वेळा न पडता राहिले, तर ती रायफल आणि ते बोट एकमेकांना जमले, असे समजून व्यवहाराचे बोलणे सुरू करावे.