हॉलमधून एक खोली काढायची: वीट, जिप्सम, कपाट की अ‍ॅल्युमिनियम?

नागपूरच्या जुन्या फ्लॅट स्कीममध्ये हॉल ऐसपैस आणि बेडरूम दोनच, असा प्रकार बऱ्याच ठिकाणी आहे. पोरगी दहावीत गेली किंवा गावाकडून आईबाबा कायमचे राहायला आले, की सगळ्यांची नजर हॉलकडे वळते. मग गवंडी वीट सांगतो, सुतार प्लाय सांगतो, फॉल्स सिलिंगवाला जिप्सम सांगतो. ज्याचा जो धंदा, त्याची ती भिंत. कूलरचं विचारलं तर तिघांचं उत्तर एकच: "भिंत उभी करून देतो न भाऊ, कूलरचं तुम्ही पाहून घ्या."

घोडं तिथंच अडतं. ज्या शहरात २३ मे २०१३ ला पारा ४७.९ वर गेला होता, तिथं हवेचा विचार न करता खोली पाडली तर ती एप्रिल ते जून नुसती सामान ठेवायच्या कामाची राहते. कूलर बाहेरची हवा ओल्या खसातून ओढून आत ढकलतो. ती हवा दुसऱ्या बाजूने बाहेर पडली तरच गारवा राहतो, नाहीतर थोड्याच वेळात खोली दमट होऊन अंगाला चिकचिक सुटते. समजा हॉल १२ बाय २२ चा आहे, एका टोकाला गॅलरी आणि खिडकी, दुसऱ्या टोकाला स्वयंपाकघर. मध्ये स्लॅबपर्यंत बंद भिंत घातली की खिडकीकडच्या खोलीतल्या हवेला वाट राहत नाही आणि इकडच्या हॉलला कूलरच राहत नाही. भिंतीच्या वरच्या दीड फुटात जाळी सोडली तर हवा खेळते, पण टीव्हीचा आवाजही तितकाच खेळतो. एसीवाल्या घरात उलटं, तिथं फट नकोच. म्हणून हवा पाहिजे की शांतता, हे घरात बसून आधी ठरवा. मग भिंतीचे पर्याय आपोआप कमी होतात.

वीट सगळ्यांना पक्की वाटते आणि ती आहेच. साडेचार इंची भिंत दोन्हीकडून प्लास्टर केली की आवाज चांगला अडवते आणि तिच्यावर काहीही टांगता येतं. पण वजन बघा. १० फूट लांब, १० फूट उंच अशी एक भिंत सव्वादोन ते अडीच टनांपर्यंत जाते. हा भार स्लॅबवर येणार, आणि खाली बीम असेलच असं नाही. वरच्या मजल्यावर स्ट्रक्चरल इंजिनीअरला नकाशा दाखवल्याशिवाय वीट लावू नका. "काही होत नाही" हे मिस्त्रीचं वाक्य म्हणजे हिशोब नव्हे. कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांतल्या राखेमुळे आपल्याकडे फ्लाय अ‍ॅशची वीट सहज मिळते, पण वजनात फार फरक पडत नाही. हलकं पाहिजे तर चार इंची एएसी ब्लॉक (आत हवेची छिद्रं असलेले हलके सिमेंटचे ठोकळे) घ्या, तेवढीच भिंत टनाच्या आसपास बसते. तळमजल्यावरच्या स्वतंत्र घरात स्लॅबची भीती नाही, पण तिथं खाली काळी माती आहे. उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसाळ्यात फुगते. नुसत्या फरशीवर उभी केलेली भिंत जुन्या भिंतीपासून सुटते आणि सांध्यावर उभी चीर पडते. शिवाय टाइल्स फोडणं, तराई म्हणजे रोज पाणी मारणं, धूळ आणि प्लास्टर वाळेपर्यंत रंगाची वाट पाहणं आलंच.

जिप्सम बोर्डाबद्दल लोकांचा गैरसमज जास्त आहे. ठोकलं की पोकळ वाजतं, म्हणून "पुठ्ठ्याची भिंत" म्हणतात. आत जस्तचढ्या पत्र्याचे उभे सेक्शन दोन-दोन फुटांवर असतात, दोन्हीकडून साडेबारा मिलिमीटरचे बोर्ड. वरच्याच मापाची भिंत अडीचशे किलोच्या आतबाहेर होते आणि काम साधारण आठवड्याच्या आत उरकतं. आतली पोकळी रिकामी ठेवली तर शेजारच्या खोलीतलं बोलणं ऐकू येतं. तीत रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर) भरून दोन्हीकडे दुहेरी बोर्ड लावला तर आवाज विटेइतका अडतो. मात्र भिंत खऱ्या स्लॅबपर्यंत गेली पाहिजे. फॉल्स सिलिंगलाच थांबवली तर आवाज वरून उडी मारून येतो, आणि कारागीर नेमकं तेच काम टाळतात. बोर्ड बंद करायच्या आधी स्वतः स्टुलावर चढून बघा. टीव्ही किंवा गिझर कुठे लागणार ते तेव्हाच सांगा, म्हणजे तिथं आतून प्लाय टाकता येतो. नंतर स्क्रू धरत नाही. खालची कड फरशीपासून थोडी वर ठेवून स्कर्टिंग लावून घ्या, नाहीतर दिवाळीत घर धुताना बोर्ड पाणी पितो. कूलरचा झोत थेट भिंतीवर येत असेल तर ओल सहन करणारा हिरवा बोर्डच घ्या.

कपाटाची भिंत दिसायला हुशारीची. दोन फूट जागा जाते, पण तेवढी तिसऱ्या खोलीत कपाटासाठी द्यावी लागलीच असती. लकडगंजच्या लाकूडबाजारात प्लाय घेताना साधा, पाण्याला टिकणारा आणि मरीन यातला फरक विचारा, मरीनवर आयएस ७१० छापलेलं असतं. कूलरच्या घरात एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) नको, कडा फुगतात. तळमजल्यावर वाळवीचा बंदोबस्त आधी. कपाटाची पाठ सहा मिलिमीटरची असते, आवाज तिच्यातून आरपार. खर्चही जिप्समपेक्षा साधारण जास्तच.

अ‍ॅल्युमिनियमचं पार्टिशन, खाली शीट आणि वर काच, ऑफिससारखं दिसतं हे खरं, पण कूलरच्या घरात मला तेच जास्त पटतं. वरची काच सरकती ठेवली की हवा आणि उजेड दोन्ही मागच्या हॉलला मिळतात. शांतता मात्र मागू नका. पडदा पाहुण्यांपुरता ठीक.

भाड्याच्या घरात पडदा किंवा सुटं कपाट, यापलीकडे जाऊ नका. गावाकडून आलेले आईबाबा आणि कूलर असेल तर अ‍ॅल्युमिनियम. अभ्यासाची पोरं आणि एसी असेल तर रॉकवूल भरलेलं जिप्सम. वीट फक्त तळमजल्यावर पाया घेऊन, किंवा इंजिनीअरने खाली बीम दाखवला तर.

मापाचंही बघून घ्या. राष्ट्रीय बांधकाम संहितेत दुसऱ्या राहत्या खोलीला किमान ७.५ चौरस मीटर, म्हणजे ८१ चौरस फूट, आणि रुंदी २.१ मीटर सांगितली आहे. १२ फुटी हॉल लांबीत चिरला तर दोन सहा-सहा फुटी बोळ होतात, दोन्ही नापास. आडवाच कापा. पंख्याचा हुक नेमका भिंतीच्या रेषेवर येतो का, तेही पाहा. ४८ इंची पंख्याचं पातं मधल्या बिंदूपासून दोन फूट फिरतं, त्यापुढे आणखी दीड-दोन फूट मोकळे हवेत.

इसार देण्याआधी ठरलेल्या रेषेवर छतापासून फरशीपर्यंत जाड ताडपत्री बांधून कूलर लावा आणि दुपारी दोन ते पाच दोन्ही बाजूंना बसून पाहा. हे मे महिन्यातच जमतं. काम मात्र दिवाळीनंतर काढा. पावसाळ्यात पुट्टी वाळत नाही, दिवाळीच्या तोंडावर रंगारी मिळत नाही, आणि मार्च लागला की कूलर बाहेर काढून लावायचे दिवस येतात.