ऋतूंनुसार घर बदलणारा तयार संच: वर्षभर वापरून पाहिल्यावर

बैठकीच्या खोलीचे रूप प्रत्येक ऋतूत बदलून देण्याचे आश्वासन देणारा एक तयार संच मी गेल्या वर्षी मागवला. मोठ्या खोक्यात पातळ सुती पडद्यांची एक जोडी, जाड पडद्यांची एक जोडी, कुशनचे पाच सुती आणि पाच मखमली अभ्रे, तागाचा एक गालिचा, तीन वेगवेगळ्या छटांचे एलईडी दिवे, बारीक दिव्यांची एक माळ, कृत्रिम पानांच्या दोन माळा, भिंतीला चिकटवायचे बारा हुक आणि कोणत्या महिन्यात काय लावावे हे सांगणारी एक सचित्र पुस्तिका असे सामान निघाले. उत्पादकाचे नाव मी येथे देत नाही, कारण असे संच थोड्याफार फरकाने अनेक नावांनी विकले जातात आणि खाली लिहिलेले गुणदोष एका नावाचे नसून या प्रकाराचेच आहेत. कमी खर्चात घर सजवू पाहणाऱ्याने हे खोके घ्यावे की नाही, एवढ्याच प्रश्नापुरते हे परीक्षण आहे.

प्रत्येक वस्तू वर्षातून किती दिवस प्रत्यक्ष उपयोगी पडली याची नोंद मी कपाटाच्या दाराला लावलेल्या एका कागदावर करत गेले. वस्तूची किंमत तिच्या वापराच्या दिवसांनी भागली की स्वस्त काय आणि महाग काय याचा निवाडा फारसा वाद न होता होतो. त्या कागदानुसार कापड आणि दिवे यांनी आपली किंमत वसूल करून दिली, तर नुसत्या शोभेसाठी आलेल्या वस्तूंनी ती केली नाही. कृत्रिम पानांच्या माळा वर्षभरात अकरा दिवस भिंतीवर होत्या आणि उरलेले दिवस धूळ खात होत्या, ही नोंद एकदा वाचल्यावर त्यांच्याविषयी अधिक लिहिण्याची गरज राहत नाही.

पडद्यांविषयी मात्र सविस्तर लिहिले पाहिजे, कारण खोलीचे रूप सर्वांत अधिक त्यांनी बदलले आणि सर्वांत मोठी फसगतही त्यांच्याच बाबतीत झाली. माझी मोठी खिडकी ७२ इंच रुंद आहे. पडद्याची दांडी चौकटीच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच पुढे न्यावी, म्हणजे पडदा उघडल्यावर काच पूर्ण मोकळी राहते आणि खिडकी आहे त्याहून मोठी भासते, हा पुस्तिकेतला सल्ला योग्य आहे आणि मी तो पाळला. त्यामुळे दांडी ८४ इंचांची झाली. जोडीतला प्रत्येक पडदा ४८ इंच रुंद, म्हणजे दोन्ही मिळून ९६ इंच कापड. पातळ पडद्याला नीट चुण्या पडायच्या असतील तर कापडाची रुंदी दांडीच्या निदान दुप्पट लागते, येथे ती जेमतेम सव्वापटीच्याही आत होती. परिणामी पहिल्या दिवशी खिडकीवर पडदा लावला आहे असे न वाटता चादर वाळत घातली आहे असे वाटत होते. खोक्यावरच्या छायाचित्रात जो भरघोसपणा दिसतो तो त्याच जोडीचा असणे शक्य नाही, कारण चित्रातल्या चुण्या मोजल्या तर तेवढ्या खिडकीला निदान चार पडदे लागतील. अखेर मी ती जोडी ३६ इंचांच्या लहान खिडकीला ४८ इंचांच्या दांडीवर लावली, तेथे ती बरोबर दुप्पट भरते आणि देखणी दिसते, आणि मोठ्या खिडकीसाठी त्याच कापडाचे चार पडदे सुटे घेतले. हा खर्च संचाच्या किमतीत धरला नव्हता, तो धरला पाहिजे.

दुसरी अडचण धुतल्यानंतर उघड झाली. सुती कापड आधी आटवून घेतले नसेल तर पहिल्या धुण्यात तीन ते पाच टक्के आटते. ८४ इंच लांबीचा माझा पडदा तीन इंचांनी आखूड झाला आणि जमिनीवर अलगद टेकणारी त्याची कड वर उचलली गेली, जणू वाढत्या अंगाच्या मुलाची विजार. सुदैवाने खालची दुमड चार इंचांची होती. ती उसवून एक इंचाची केली तेव्हा गेलेली लांबी परत मिळाली, मात्र जुन्या दुमडीची रेघ इस्त्रीला दाद देत नाही आणि संध्याकाळी तिरपा प्रकाश पडला की ती आजही दिसते. असा संच घेणाऱ्याने पडदे लावण्याआधी एकदा धुवून वाळवावेत आणि मगच लांबी ठरवावी, हे पुस्तिकेत छापायला हवे होते. दुमड भरपूर सोडल्याचे श्रेय मात्र शिवणाऱ्याला दिले पाहिजे, कारण स्वस्त मालात कापड वाचवायला पहिली कात्री तेथेच लागते.

जाड पडदे पॉलिस्टरचे असल्याने आटण्याचा प्रश्न आला नाही. त्यांचे विणकाम तिपदरी आहे, म्हणजे बाहेरच्या दोन पदरांच्या मध्ये काळ्या धाग्याचा एक पदर आहे आणि उजेड अडवण्याचे काम मुख्यतः तोच करतो. थंडीच्या महिन्यांत रात्री ते ओढून घेतल्यावर खिडकीजवळच्या खुर्चीत बसणे सुसह्य झाले. काच आणि कापड यांच्यामध्ये अडकलेली हवा उष्णता बाहेर जाण्याचा वेग कमी करते, हे त्याचे कारण आहे. परंतु पडदा वर दांडीपासून आणि खाली जमिनीपासून सुटा असेल तर काचेजवळ गार झालेली जड हवा खालून खोलीत उतरते, तिच्या जागी वरून उबदार हवा आत ओढली जाते आणि हे चक्र चालूच राहते. खालची कड जमिनीला टेकवून आणि बाजूची कड भिंतीला दोन हुकांनी अडकवून पाहिल्यावर फरक पायांना जाणवला. उन्हाळ्यासाठी मात्र याच पडद्यांची केलेली जाहिरात अर्धीच खरी आहे. ऊन काचेतून आत आल्यानंतर पडद्याने ते अडवले तरी त्यातली बरीचशी उष्णता खोलीत उरतेच, म्हणून काचेच्या बाहेरची सावली नेहमी अधिक कामाची ठरते. पडद्याची काचेकडची बाजू पांढरी असती तर काही ऊन परत फिरले असते, पण या संचात ती बाजू आतल्याइतकीच गडद आहे. चहूबाजूंनी उपयोगी म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूत ही चूक अक्षम्य वाटते.

दिव्यांबाबत पुस्तिकेचे म्हणणे असे की थंडीत २७०० केल्विनचा पिवळसर, मधल्या काळात ४००० केल्विनचा आणि उन्हाळ्यात ६५०० केल्विनचा निळसर पांढरा दिवा लावावा. केल्विन हे तापमानाचे एकक, तरीही आकडा वाढतो तसा प्रकाश डोळ्यांना गार वाटू लागतो, हे उलटे गणित नवख्याला गोंधळात टाकते, तेव्हा पुस्तिकेने ते समजावून सांगितले याबद्दल तिचे आभार मानले पाहिजेत. पण ऋतूनुसार दिवा बदलण्याची कल्पना मला पटली नाही. ६५०० चा दिवा लावला तेव्हा मोहरी रंगाचे सुती अभ्रे मळके दिसू लागले आणि खोलीला दवाखान्याची कळा आली. दोन संध्याकाळी तो सहन करून मी तो सामान ठेवण्याच्या खोलीत लावला, तेथे डबे शोधायला तो उत्तम आहे. ४००० चा दिवा पावसाळी दुपारी, बाहेर अंधारून आलेले असताना, वाचायला बरा पडतो. संध्याकाळी मात्र बाराही महिने २७०० चाच दिवा घराला शोभतो, आणि ऋतूचा फरक दाखवायचा असेल तर दिव्याचा रंग बदलण्यापेक्षा त्याची जागा बदलावी. छतावरचा दिवा मालवून तोच दिवा कोपऱ्यातल्या बुटक्या टेबलावर आणला की खोली जवळ आल्यासारखी वाटते, आणि त्याला वेगळा खर्च नाही.

येथे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. हे दिवे ९ वॅटचे, सुमारे ८०० ल्यूमेनचे आहेत, म्हणजे जुन्या ६० वॅटच्या बल्बएवढे, आणि एवढ्या उजेडाला नावे ठेवता येत नाहीत. पण रंग किती खरे दिसतात हे सांगणारा आकडा, जो खोक्यावर सीआरआय या अक्षरांपुढे छापलेला असतो, येथे ८० आहे. त्या प्रकाशात विटकरी रंगाचे मखमली अभ्रे चक्क तपकिरी दिसत होते आणि चुकीचा रंग पाठवला अशी तक्रार करण्याच्या मी बेतात होते. सकाळी खिडकीशी नेल्यावर तेच अभ्रे विटकरी निघाले. नंतर ९० च्या पुढचा दिवा लावून पाहिला तेव्हा रात्रीही त्यांचा रंग उमलला. कापडावर पैसे खर्च करून दिव्यात काटकसर करणे म्हणजे केलेला खर्च रोज संध्याकाळी अंधारात ढकलणे आहे.

अभ्र्यांची शिलाई नीटस आहे, चेन लपवलेली आहे आणि आतल्या शिवणीला धागे सुटू नयेत म्हणून वेढे घातले आहेत. संचातले सर्व अभ्रे १६ इंचांचे आहेत आणि माझ्याकडच्या कुशनही १६ इंचांच्याच होत्या, तरीही अभ्रे घातल्यावर कोपरे रिकामे आणि लोंबते राहिले. अभ्र्यापेक्षा दोन इंच मोठी कुशन घातली की तो टच्च भरतो, हा अनुभव शिवणकाम करणाऱ्यांना असतो, पुस्तिकेला नव्हता. मखमलीच्या पाचांपैकी एक अभ्रा इतरांपेक्षा गडद दिसे. रंगाईचा दोष असावा असे धरून मी तो महिनाभर मागे लपवून ठेवला होता, आणि एकदा सहज तो उलटा ठेवला गेला तेव्हा तो इतर चौघांत बेमालूम मिसळला. मखमलीची लव एका दिशेला झुकलेली असते आणि तो तुकडा बेतताना कापड उलटे धरले गेले होते, एवढेच. आता त्याची चेन वरच्या बाजूला येते आणि बसणाऱ्याच्या मानेला लागते, म्हणून त्याची जागा कायमची टोकाला ठरली आहे.

चिकटवायच्या हुकांपैकी पाच पहिल्याच पावसाळ्यात गळून पडले. यात थोडा दोष माझाही होता, कारण भिंत स्पिरिटने पुसणे, हुक अर्धा मिनिट दाबून धरणे आणि वजन टांगण्याआधी तासभर थांबणे या तीनही पायऱ्या मी गाळल्या होत्या. पण डिस्टेंपरच्या भिंतीवर सगळे नियम पाळून लावलेला हुक काढताना रंगाचा पापुद्राही सोबत आला, आणि पुट्टी भरून तो डाग झाकेपर्यंत त्या हुकाने वाचवलेला खिळा परवडला असता असे वाटले. तागाचा गालिचा दिसायला सुंदर आहे, पण त्यावर पाणी सांडले की तपकिरी वलय उमटते आणि ते जात नाही. ओलसर हवेच्या दिवसांत त्याला वासही येतो. त्याऐवजी धुता येणारी सुती सतरंजी दिली असती तर ती चारही ऋतूंत चालली असती. दिव्यांच्या माळेविषयी तक्रार नाही.

काढलेले सामान उरलेल्या महिन्यांत कोठे ठेवायचे याचा हिशेब असे संच कधीच मांडत नाहीत. जाड पडदे आणि मखमली अभ्रे मिळून कपाटाचा एक पूर्ण कप्पा अडतो. सोबत आलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत मी मखमल भरून ठेवली, तिच्यात किंचित ओल राहिली असावी, आणि चार महिन्यांनी कुबट वासाने स्वागत केले. हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीचे फावते. कापड धुवून, उन्हात पूर्ण सुकवून, गार झाल्यावर सुती पिशवीत घालावे आणि सुती कापडाला खळ दिलेली असेल तर ती काढून मगच ठेवावे, कारण कसर खळीच्या मोहाने येते. घडी दर वेळी वेगळ्या रेषेवर घालावी, नाहीतर त्याच रेषेवर कापड विरते. आतली हवा शोषून काढायच्या पिशव्या जागा वाचवतात, पण मखमलीची लव त्यांत चेपली जाते आणि ती उभी करायला वाफ द्यावी लागते.

पुस्तिकेत एका उपायाला मुळीच जागा मिळालेली नाही, कारण तो विकता येत नाही. हिवाळ्यात सूर्य खालून जातो आणि सूर्याच्या बाजूच्या खिडकीतून ऊन खोलीत खोलवर पोहोचते. उष्ण कटिबंधाबाहेरच्या ठिकाणी उन्हाळ्यातल्या आणि हिवाळ्यातल्या अयनदिनांच्या, म्हणजे वर्षातल्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसाच्या, मध्यान्हीच्या सूर्याच्या उंचीत सुमारे ४७ अंशांचा फरक असतो. मी खुर्ची, बुटके टेबल आणि कुंड्या त्या उन्हाच्या पट्ट्यात आणून ठेवल्या, आणि उन्हाळा सुरू होताच भिंतीकडे परत नेल्या. घरी आलेल्या पाहुण्यांपैकी पडद्यांबद्दल दोघांनी विचारले, खोली मोठी कशी झाली असे पाच जणांनी.

सबब, मोठी खिडकी असणाऱ्यांना हा संच जसाच्या तसा घेण्याची शिफारस मी करणार नाही. लहान खिडकी, भाड्याचे घर आणि एकही पडदा नसलेली खोली अशी स्थिती असेल तर तो अजूनही सोयीचा पडेल, हुक आणि पानांच्या माळा बाजूला काढून ठेवायची तयारी असेल तर. माझ्यापुरते म्हणायचे तर जाड पडद्यांना काचेच्या बाजूने पांढरे अस्तर लावायला मी शिंप्याकडे दिले आहे. त्याने कापड हातात घेऊन पहिला प्रश्न विचारला तो अस्तर आधी धुवून आटवले आहे का, हा.